गिरजाबाईचा खुटा

गिरजाबाई बावणेनं पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आडनावावरून माणूस ओळखायचा आपल्याकडचा जो रिवाज आहे, तोही तिनं पाळला नाही. तिनं विचारलं, "वजन किती?"

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, नुकताच बदलून आलेलो. बोरी अरबला खोली केलेली आणि शाळा धरणाच्या पाण्यापल्याड. सडकेनं फेरा मारून गेलं तर सव्वा तास, डोंग्यानं, म्हणजे इकडच्या लहान होडीनं, वीस-पंचवीस मिनिटं. मधे पूल होणार होता. त्याचं भूमिपूजन मी यायच्या आधी एकदा आणि माझ्यादेखत एकदा झालं, दुसऱ्या वेळी बुंदीही वाटली. तोवर डोंगे होते. काठावर पाच डोंगे लागत, आणि त्यातला पहिला गिरजाबाईचा. मी चौसष्ट किलो म्हणून सांगितलं. तिनं मला खालून वरपर्यंत पाहिलं, हातातली पिशवी पाहिली आणि म्हणाली की गुरुजी, आमच्याजवळ खोटं बोलून फायदा नाही, डोंगा बराबर मापते. मग उजव्या अंगाला गव्हाचं पोतं होतं म्हणून मला डाव्या अंगाला बसवलं. पुढच्या आठवड्यात मी दारव्ह्याला काट्यावर उभा राहिलो तर अडुसष्ट भरलो. ते मी तिला सांगितलं नाही.

साठी ओलांडलेली बाई. लुगड्याचा काष्टा गुडघ्याच्या वर खोचलेला, डोक्याला नवऱ्याचा जुना दुपट्टा गुंडाळलेला. अंगानं काटकी, पण वल्हं धरलं की दंडाची नस न् नस दिसायची. बोलणं थोडं आणि सपाट. ती हसली आहे की रागावली आहे हे चेहऱ्यावरून कळत नसे; नऊ वर्षांत मलाही ते धड जमलं नाही. तिच्या खेपांच्या वेळा ठरलेल्या होत्या. हातात घड्याळ नव्हतं, पण वेळ चुकत नसे. उतारू असोत वा नसोत, वेळ झाली की ती डोंगा सोडायची. मी एकदा पाच मिनिटं उशिरा पोचलो, तर ती रिकामा डोंगा घेऊन अर्ध्या पाण्यात गेलेली. मी काठावरून हात हलवले. तिनंही एक हात हलवला, निरोप दिल्यासारखा, आणि गेली. दुसऱ्या दिवशी मी कुरकुर केली तेव्हा म्हणाली की डोंग्याची टैम ठरली म्हणजे ठरली, माणसं आली नाहीत तर ती त्यांची मर्जी.

निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी सात माणसं घेऊन प्रचाराला पल्याड निघाले. गिरजाबाईनं चारच घेतली. पुढाऱ्यांना मधल्या फळीवर बसायचं होतं, फोटोसाठी. तिनं सांगितलं की तिकडं ढेपीचं पोतं ठेवलं आहे, तुम्ही बरोबर त्याच्या समोर बसा, तेवढंच भराल. ते बसले. पूर्ण पंचवीस मिनिटं माणूस सरकीच्या ढेपीकडं पाहत हात जोडून बसला होता. पल्याड उतरल्यावर त्यांनी विचारलं, बाई, मत कोणाला देणार? ती म्हणाली, आजून इचार केला नाही, पोतं मात्र हाललं नाही बिचारं.

एकदा धरणावरचे एक साहेब आले, हातात टेप, मागे दोन माणसं. त्यांनी काठ मोजला आणि गिरजाबाईच्या खुट्यापाशी थांबले. डोंगा बांधायचा हा खुटा कोणाचा? तिचा. जमीन कोणाची? सरकारची. मग सरकारी जमिनीवर खुटा तुमचा कसा, असं साहेबांनी विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. गिरजाबाई डोंग्यातलं पाणी डब्यानं उपसत होती. तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, "साहेब, तुमी ज्या खुर्चीत बसता थे बी सरकारचीच हाय न? उद्या मी जाऊन बसली तं चालन काय?" साहेब चांगले होते, हसले. टेप गुंडाळली आणि वर तिच्या नवऱ्याच्या, तुळशीरामजींच्या, टपरीवर चहा पिऊन गेले.

आता खुट्याचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. धरणाचं पाणी एका जागी राहत नाही. पोळ्याच्या सुमारास ते काठोकाठ असतं. मग कालव्याला सोडतात, पुढं उन्हं तापतात, आणि ते मागं मागं सरत जातं. मे महिन्यात पाण्याची कड पार फर्लांगभर खाली गेलेली असते. त्यामुळे डोंगा बांधायचा खुटा एकदा रोवला आणि मोकळं झालं, असं इथं होत नाही. दर चार दिवसांनी तो उपटायचा, आपल्या ओळीत सरळ खाली न्यायचा आणि पाण्यात पुन्हा ठोकायचा. पावसाळ्यात हेच उलटं. प्रत्येकाची ओळ ठरलेली. कोणाची बाभळीच्या सरळ खाली, कोणाची पळसाच्या. गिरजाबाईची ओळ जुन्या सडकेची होती. धरण व्हायच्या आधीची सडक तिथंच पाण्यात शिरते. तिचं डांबर कधीच गेलं, मुरूम मात्र राहिला. म्हणून पाणी कितीही हटलं तरी तिच्या डोंग्यापर्यंत माणूस पायात चप्पल घालून जाई. बाकीच्या चारही ओळी काळ्या मातीतल्या. पाणी हटलं की तिथं नुसता गारा, म्हणजे पाय धरून ठेवणारा चिखल. सडकेपासून जितकं दूर तितका तो जास्त. पाचव्या जागी गुडघ्यापर्यंत रुतायचं. तिथं म्हैससुद्धा विचार करून उतरे. साहजिकच उतारू सडकेवर येत. तो खुटा म्हणजे त्या बाईचं पोट होतं.

फार पूर्वी या जागांवरून दोन सख्ख्या भावांची जुंपली आणि एकानं दुसऱ्याच्या डोक्यात वल्हं घातलं. टाके पडले, पोलीस आले. त्यानंतर गिरजाबाईनंच सगळ्या डोंगेवाल्यांना नवऱ्याच्या चहाच्या टपरीवर बसवलं आणि नियम केले. दोनच. एक, खुट्याचा पाय आठ दिवस पाण्याबाहेर राहिला तर खुटा सुकला, जागा मोकळी. दोन, मोकळ्या जागेवर पहिला हक्क पाचव्या खुट्याचा, कारण सगळ्यात जास्त गारा तो तुडवतो. कोणीतरी म्हणालं, कागद करू. ती म्हणाली, कागद ओला होते. तेव्हापासून त्या काठावर कोणाचं डोकं फुटलं नाही.

तुळशीरामजी तिचा नवरा. भोयाच्या घरी जन्मून पाण्याला भिणारा माणूस मी हा एकच पाहिला. लग्नाला चाळीस वर्षं झाली, एकदाही तो बायकोच्या डोंग्यात बसला नाही. लिंबाच्या झाडाखाली चहा करायचा, आणि तो चहा फार चांगला असायचा. स्वभावानं देवमाणूस, पण सांगितलं तेवढंच करायचं, त्याच्या अलीकडं नाही न् पलीकडं नाही. एकदा गिरजाबाई बाजाराला जाताना त्याला सांगून गेली की डोंग्यावर ध्यान ठेव. वारा सुटला, दोर निघाला, डोंगा वाहत चालला. ती परत आली तेव्हा तुळशीरामजी काठावर बसून एकटक पाहत होते. कुठून निघाला, कोणत्या बाजूला वळला, कोणत्या झाडाला अडकला, सगळं त्यांनी अचूक सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्याचा डोंगा मागून आपला आणायला गेली. मला म्हणाली की ध्यान ठेव म्हटलं होतं, ठेवलं त्यानं. त्याची चूक काढता येत नाही.

आणि एक सुदाम. उंच, खांद्यातून वाकलेला, आवाज असा की दोनदा विचारावं लागे. त्याची जागा दुसरी, सडकेला लागून, गारा असला तरी घोट्याइतकाच. एका वर्षी त्याच्या बायकोचं ऑपरेशन निघालं आणि तो तिला घेऊन नागपूरला गेला. वीसेक दिवस लागले. परत आला तेव्हा खुटा कोरडा होता आणि तिथं पाचव्या जागेवाल्यानं डोंगा बांधला होता. सुदाम गिरजाबाईसमोर येऊन उभा राहिला. ती म्हणाली, "नियम दवाखाना पाहत नाही, सुदाम." त्यानं मान हलवली आणि डोंगा पाचव्या जागी, गाऱ्यात नेऊन बांधला. मला फार राग आला. बायको मरणाच्या दारातून आणलेल्या माणसाला असं बोलावं? मी डोंग्यातच तिला तसं ऐकवलं. ती वल्हं मारत राहिली. मग म्हणाली की एकाले सूट देल्ली का दुसऱ्याचं डोकं फुटते, गुरुजी, तुमी तवा नव्हते. सुदाम तीन वर्षं त्या गाऱ्यात राहिला.

तिसऱ्या वर्षी दिवाळी झाल्यावर मारेगावहून फोन आला. गिरजाबाईची एकुलती एक लेक तिथं दिलेली. सातवा महिना, रक्तदाब वाढलेला, डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलेलं, आणि सासू नाही. लेकीनं माहेरी यायचं सोडून आईलाच तिकडं जावं लागलं. ती आठ दिवसांसाठी म्हणून निघाली. डोंगा काठावर पालथा घातला, त्याला डांबर लावायचं होतंच. आणि जाताना तुळशीरामजींना सांगून गेली: दर चौथ्या दिवशी खुटा पाच पावलं खाली न्यायचा.

आठ दिवसांचे चाळीस झाले. त्या हंगामात हरभऱ्याला कालव्याचं पाणी जास्त सोडलं आणि धरण भराभर उतरायला लागलं. चार दिवसांत पंधरा-पंधरा, वीस-वीस पावलं पाणी मागं जाई. तुळशीरामजी चौथ्या दिवशी न चुकता खाली यायचे, पाण्याकडं न पाहता पाच पावलं मोजायचे, खुटा ठोकायचे आणि वर जाऊन चहा टाकायचे. पहिला आठवडा निभावला. मग खुटा मागं पडला. पाणी पुढं पुढं, आणि खुटा आपला कोरड्या मुरमावरून प्रामाणिकपणे त्याच्या मागं. मी म्हटलं, तुळशीरामजी, पाणी तिकडं राहिलं. ते म्हणाले, तिनं पाच सांगतले. मी म्हटलं, फोन करून विचारा. तेव्हा मात्र त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले की तिकडं पोरीच्या जिवाचं चालू हाय गुरुजी, तिले खुट्याचं कायले सांगू. त्यात त्यांचं काय चुकलं? मी स्वतः तो खुटा नेऊन पाण्यात ठोकला असता तर कोणी मला अडवलं नसतं. पण दुसऱ्याच्या खुट्याला हात लावायचा नाही, असं इतकी वर्षं पाहून माझ्या डोक्यात बसलं होतं. मी चहा प्यायलो आणि शाळेत गेलो.

खुटा सुकला. आठ दिवस झाले, दहा झाले. बाकीचे डोंगेवाले सुदामला म्हणायला लागले की जागा तुझी, बांध. सुदाम बांधेना. लोक म्हणाले, नियम तिचाच आहे, तू नाही बांधला तर नियम मोडला. हे ऐकून तो घाबरला. एकोणिसाव्या दिवशी त्यानं डोंगा सडकेवर आणला, स्वतःचा खुटा ठोकला, आणि त्या दिवसापासून मारेगावकडून येणारी प्रत्येक गाडी तो मान वळवून पाहायला लागला.

संक्रांतीच्या थोडं आधी ती आली. मी काठावरच होतो, म्हणजे सुदामच्या डोंग्यात बसलेलो. ऑटोतून उतरली, हातात बरफीचा डबा. नात झाली होती, दोघी सुखरूप होत्या. तिनं वरून खाली एकदा पाहिलं. आपल्या जागी दुसऱ्याचा डोंगा तिला दिसला असणारच. पण आधी तिनं बरफी वाटली. टपरीवरच्यांना, मला, मग सडकेनं पाण्यापर्यंत चालत येऊन सुदामला. सुदाम डोंग्यात उभा होता, बरफी हातात तशीच. मग ती मागं वळली आणि तुळशीरामजींच्या खुट्याची भोकं पाहत वर चालत गेली; मीही उतरून मागं गेलो. एका ओळीत दहा भोकं, एकेकात बरोबर पाच पावलांचं अंतर. शेवटी खुटा, आणि तिथून पाण्यापर्यंत शंभरेक पावलं कोरडी सडक.

तिनं नवऱ्याला विचारलं की पाच पावलं सांगितली होती ना मी. ते म्हणाले, पाचच. मोजून? मोजून. मग ते रडायला लागले. साठ-पासष्ट वर्षांचा माणूस दुपट्ट्यात तोंड खुपसून रडत होता आणि आम्ही सगळे पाण्याकडं पाहत होतो. ती म्हणाली की तुझी काही चूक नाही, पानीच जास्त गेलं. आम्ही परत खाली आलो तोवर सुदामनं डोंग्याचा दोर सोडला होता. तो म्हणाला, बाई, मी नेतो माहा डोंगा, जागा तुमची हाय. गिरजाबाईनं विचारलं की किती दिवस सुकला होता. एकोणीस, सुदाम म्हणाला, आणि ते असं म्हणाला की जणू गुन्हा कबूल करत होता.

"मंग बराबर हाय," ती म्हणाली. "बांध दोर."

दुसऱ्या दिवशी तिचा डोंगा पाचव्या जागी होता. मी सडकेवर थांबलो, काय करावं ते कळेना. नऊ वर्षं मी तिच्याच डोंग्यात बसत आलो होतो. तिनंच लांबून ओरडून सांगितलं की गुरुजी, कपडे खराब कराचे नाही, सुदामाच्या डोंग्यात बसा. मी बसलो. माझी पँट फिकी होती हे खरं, पण मला स्वतःची लाज वाटली हेही खरं. सगळेच सुदामकडं जायला लागले. तिच्याकडं कोण उरलं? बकऱ्या नेणारे दोघं-तिघं आणि एक म्हातारी, जिला सुदाम आवडत नव्हता. वेळ झाली की गिरजाबाई गाऱ्यातून डोंगा ढकलत काढायची आणि रिकामी जायची, रिकामी यायची. येताना पल्याडून दोन घमेली मुरूम आणायची आणि आपल्या जागी टाकायची, चालायला वाट व्हावी म्हणून. पण चार दिवसांत पाणी खाली जाई आणि वाट वर राही. पंधरा दिवस तिनं हे केलं. मग सोडून दिलं. तुळशीरामजींनी सांगितलं की आता घरात एकच भाजी होते आणि तीही गिरजाबाई खात नाही, भूक नाही म्हणते.

मार्चात सुदामनं एक दिवस डोंगा बाहेर काढला, पालथा घातला आणि टपरीवर जाहीर केलं की नेरला पाहुण्याकडं काम निघालं आहे, पंधरा दिवस लागतील. सुदामचं नेरमध्ये कोणी आहे हे तोपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं. मी विचारलं, कसलं काम? म्हणाला, हाय एक. खुटा त्यानं तसाच ठेवला, जेमतेम वीतभर पाण्यात. पाण्याच्या चालीनं दोन दिवसांत त्याचा पाय कोरडा पडणार होता आणि पुढच्या आठ दिवसांत जागा मोकळी होणार होती. पाचव्या जागी आता कोण आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. टपरीवरचा प्रत्येक माणूस मनात दिवस मोजत होता. मीही. मला इतका आनंद झाला होता की मी शाळेत त्या दिवशी कोणाला गृहपाठ दिला नाही.

सहा दिवस झाले, खुटा पाण्यात. आठ झाले, तरी पाण्यात. दहाव्या दिवशीही त्याचा पाय वीतभर ओलाच. पाणी थांबलं म्हणावं, तर बाकीचे खुटे खाली खाली चाललेच होते. लोक एकमेकांकडं पाहायला लागले. तुळशीरामजींना विचारलं तर ते म्हणाले, मले कोनी सांगतलं नाही, मी नाही सरकवला. त्यांच्यावर अविश्वास दाखवायचं काही कारण नव्हतं.

बाराव्या दिवशी आमची सकाळची शाळा सुरू झाली. मी उजाडता उजाडता काठावर पोचलो. टपरी अजून बंद होती. खाली सडकेच्या टोकाला, पाण्यात, गिरजाबाई उभी होती. काष्टा वर खोचलेला, एका हातात सुदामचा खुटा उपटलेला, दुसऱ्या हातात दगड. तिनं मला पाहिलं. लपवायचा काही प्रयत्न केला नाही. म्हणाली, "आले तं धरा. सरळ धरा."

मी चप्पल काढून पाण्यात उतरलो आणि खुटा धरला. ती ठोकायला लागली. मी म्हटलं, बाई, हा सुकला असता तर जागा तुमची झाली असती, नियमानं झाली असती. ठाव हाय, ती म्हणाली. मी म्हटलं, सुदाम त्यासाठीच नेरला जाऊन बसला आहे. थे बी ठाव हाय, ती म्हणाली, तुमी हात नका हालवू. खुटा पक्का बसला तेव्हा ती सडकेच्या कडेला टेकली आणि तिनं पाय माझ्यासमोर लांब केला. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होऊन कातडी पांढरी फाटलेली, टाचेची भेग अशी की आत रुपया बसावा.

"हे अडीच मह्यन्याचं हाय," ती म्हणाली. "तो तीन सालं होता तिथं. मी धाडला त्याले. बायको दवाखान्यात होती न मी रोज त्याच्या सुकल्या खुट्याजवळून डोंगा घेऊन जात होती, गुरुजी. रोज. हातानं जरासा सरकवला असता तं कोन्या नियमात बसत नव्हतं?"

माझा स्वतःचा हिशोब मला ठाऊक होता. तिच्या खुट्याशेजारून मीही रोज गेलोच होतो. ती उठली, खुटा दोनदा ओढून पाहिला आणि पाण्याकाठानं पाचव्या जागेकडं चालायला लागली. मी चप्पल हातात घेऊन तिच्या मागं गेलो. गुडघ्यापर्यंत रुतलो, पँट खराब झाली. तिनं पाहिलं. सुदामले सांगसान तं पुन्हा डोंग्यात घेनार नाही, एवढंच मधल्या पाण्यात म्हणाली. मी सांगितलं नाही. त्या महिन्यात माझी बदलीची ऑर्डर आली होती, तरी उरलेले सगळे दिवस मी गारा तुडवून तिच्याच डोंग्यात बसलो.

सुदाम सोळाव्या दिवशी आला. आपला खुटा कोरडा आणि सडकेवर गिरजाबाईचा डोंगा, हे पाहायला तो आला होता. खुटा पाण्यात होता. तो खाली उतरला, खाली वाकून त्यानं खुट्यावरून हात फिरवला. खुट्याच्या डोक्यावर दगडाचे ताजे घाव होते. मग त्यानं पाचव्या जागेकडं पाहिलं. गिरजाबाई पाठमोरी, डब्यानं पाणी उपसत होती. सुदाम तिथंच सडकेवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. तुळशीरामजी वरून चहाचा कप घेऊन निघाले, अर्ध्या वाटेत थांबले.

गिरजाबाईनं डोंगा गाऱ्यातून ढकलून पाण्यात घेतला, मला बसवलं, वल्हं उचललं आणि वळून न पाहता ओरडली, "सुदाम, सडकेवर चार मानसं उभे हायेत. टैम झाली."

सुदाम उठला. त्यानं डोंगा सरळ केला.